खात्यातला बेलभंडारा

३० नोव्हेंबर १९९२, सोमवार. चंपाषष्ठी.

माझ्या चोवीस मागांच्या खात्यात, कारखान्यात, बसवलेल्या खंडेरायाला खरं काय लागलं ते आज मांडून ठेवतो. नाहीतर उद्या लोक म्हणतील, आप्पाने हौसेने चांदीचा टाक केला. चांदी बायकोच्या, मालतीच्या जुन्या जोडव्यांची. सोनाराची घडणावळ, पाच नारळ, भंडारा, सगळ्या कारागिरांना भरीत आणि रोडगे. अर्धी पाळी चोवीस माग बंद. एवढं डोळ्यांना दिसतं. दिसत नाही ते पंडित कारागिराच्या उजव्या हाताचं मधलं बोट. दिवाळीच्या आधी अकरा नंबरच्या मागावर धोटा आणि फणी यांच्या मध्ये गेलं. कापडाच्या ताक्यावर रक्त उडालं तेव्हाच मालती म्हणाली की आता खात्यात मल्हारी बसवा. म्हणजे देव बसला आमच्याकडे आणि किंमत मोजली पंडितने.

पंडित म्हणतो, मास्तराने माग नीट बांधला नव्हता, माग जोडणं-दुरुस्त करणं त्याचं काम. गनीमास्तर म्हणतो, माग चालू ठेवून हा तंबाखू मळत होता. मी दोघांना म्हटलं, धोट्याला डोळे नसतात, सोडा आता. पंडितचा दवाखाना मी केला, आणि त्याला बसून ताके घडी करायचं काम दिलं. तो हसला. मिटलं.

आज तळी उचलल्यावर दुसरंही एक काम उरकलं. दोन महिने यार्नचे कोन, सुताची रिळं, मोजणीत कमी भरताहेत. पोलिसांत जाऊन खात्याची अब्रू घालवण्यापेक्षा सगळ्यांनी बेलभंडारा उचलावा असं ठरवलं. शालिग्राम माझ्याकडे मागांना तेल घालतो आणि डिंडोलीत खंडेरायाचा भगत आहे. त्याने रीत सांगितली. अनवाणी उभं राहायचं, तळवे जमिनीला टेकलेले, कारण साक्षीला धरणी असते. उजव्या तळहातावर बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा. बोलायचं, मी घेतलं नाही. मग भंडारा कपाळी लावायचा.

एकेक आला. माझा मेहुणा भटू हिशोब बघतो, त्याच्या अंगठ्याला ठेच लागली होती म्हणून तो चपलेसकट उभा राहिला. शालिग्राम बोलणार होता, मी डोळ्यांनीच गप्प केलं. बायकोचा भाऊ आहे, चारचौघांत त्याला चपला काढायला काय लावायचं.

गनीमास्तराच्या वेळेला कुजबुज झाली. हा कसा उचलणार. मास्तराने दाराबाहेर चपला काढल्या, हात धुतले, येऊन टाकासमोर उभा राहिला. म्हणाला, "आमच्या मालेगावला याला मल्लूखान म्हणतात, शेठ. ओळखीचा आहे." आणि उचलला. कारागीर हसले. पंडित हसला नाही, पण त्याचा हात दुखत असेल.

सगळा वेळ मी डोळे मिटून ऐकत होतो. बारा वर्षांचा असताना बॉबिन भरायला सुरतेत आलो, तेव्हापासून कानावरच पोट भरलं. चोवीस माग एकदम चालू असले तरी कुठला धोटा अडखळतोय ते मला झोपेत सांगता येतं. माणसाचा आवाज त्याहून सोपा. आज एकही आवाज अडखळला नाही. चोर बाहेरचा आहे. माझ्यासमोर भंडाऱ्यावर कोणी खोटं बोललं आणि मला कळलं नाही, तर त्या दिवशी खात्याला कुलूप लावून मी गावी म्हशी राखीन. हे लिहून ठेवतो.

२ डिसेंबर

यार्नवाल्या शेठने दिवाळीला ही डायरी दिली. आत लक्ष्मी, बाहेर त्याचं दुकान. आज त्याच्याकडे गेलो तर माल नाही, आणि तोंडात नेहमीचं, "भरोसो राखो, निंबाभाई." सुरतेत माल नसला की भरोसो असतो.

येताना बसमध्ये बसून मोजत होतो, एकाच गोष्टीला माझ्या आजूबाजूला किती शब्द आहेत. माझी आई इस्वास म्हणायची. "इस्वास ठेव रे निंबा," म्हणायची आणि कानबाईपुढे डोकं टेकायची. मालती भाव म्हणते. मास्तराचं ईमान. त्याचा माग बिघडला तरी तो म्हणतो, ईमानने चल बेटा. शालिग्राम आता श्रद्धा म्हणायला लागलाय, कुठल्या तरी सभेत शिकला. आणि सभेच्या भोंग्यावर सध्या आस्था आहे. हा शब्द मी गावात कधी ऐकला नव्हता. आईचा इस्वास खाली मान घालून बसायचा. ही आस्था मुठी आवळून येते.

मास्तराला हे सांगितलं तर म्हणाला, शेठ, नावं कितीही असू देत, रात्री दाराला कडी कोण लावतं ते बघायचं. मी हसलो. मास्तर मजेशीर बोलतो.

५ डिसेंबर

चहाच्या वेळी मास्तर आला. भटू शेजारी बसून ताक्यांचा हिशोब लावत होता. मास्तर म्हणाला, "एक बात मनात आहे, शेठ. अकेले में." आवाजात अडखळ होती, मी लगेच ओळखलं. पोरीचं लग्न ठरलंय त्याच्या, उचल हवी असणार. म्हटलं, लग्नाचं ना, होईल रे, पाळी सुटल्यावर बोलू. त्याने भटूकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गेला. पाळी सुटेपर्यंत मी विसरलो.

भटूने विचारलं, काय म्हणत होता तो. म्हटलं, पैसे, दुसरं काय. भटू म्हणाला, दाजी, तुम्ही त्याला फार चढवून ठेवलाय.

७ डिसेंबर

काल अयोध्येची बातमी आली. आज शहर पेटलं.

सकाळी गच्चीवर गेलो तर रेल्वे लाइनीपलीकडे धूर, एका ठिकाणी नाही, जागोजाग. रेयॉन जळाल्याचा वास मला माहीत आहे, नाकात चिकटून बसतो. त्यात दुसराही एक वास होता, तो काय आहे ते मी स्वतःला सांगितलं नाही.

दुपारी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी शिंप्याचं दुकान फोडलं. शटरवर ठोके पडत होते. ठोक्यांच्या आवाजावरून मला कळलं की त्या मागाच्या दांड्या आहेत. धोट्याला फेकणारी दांडी वेगळी वाजते. म्हणजे कारखान्यातून काढून आणलेल्या, आमच्यासारख्यांच्या. शिंपी मशीन छातीशी धरून पळाला. म्हातारा माणूस, मशीन सोडेना. कोपऱ्यावर गाठला. पहिला फटका गुडघ्यावर मारला, मग तो बसला, मग मला दिसलं नाही, कारण भोवती माणसं उभी राहिली. ओरडण्यात एक आवाज रोज चहाच्या टपरीवर माझ्याशेजारी बसणाऱ्याचा होता. तो पोरांना शाळेत सोडायला जातो. गर्दी पांगली तेव्हा मशीन रस्त्यावर होतं, त्याचं चाक फिरत होतं. बाकीच्यावर कोणीतरी पोतं टाकलं.

मालतीने खिडक्या लावून घेतल्या. मी खाली उतरलो नाही. हेही लिहून ठेवतो.

८ डिसेंबर, मंगळवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी मी आणि भटू खातं बघायला गेलो. मागच्या नाल्याच्या कडेने गनीमास्तर आला. कमरेपर्यंत चिखल, एका भुवईवर रक्त सुकलेलं. त्याची चाळ काल जाळली. बायको हमीदा आणि पोरीला त्याने रविवारीच तिच्या भावाकडे शहरात पाठवलं होतं. स्वतः थांबला, का तर सोमवारी पाळी होती. पाण्याच्या टाकीत बसून रात्र काढली म्हणाला. शेजारच्या पोराला लोकांनी बाहेर ओढलं ते त्याने झाकणाच्या फटीतून पाहिलं. पुढचं त्याने सांगायला घेतलं आणि त्याचे दात वाजायला लागले. मी त्याला थांबवलं.

त्याला यार्नच्या खोलीत बीमांच्या, ताण्याच्या जाड रुळांच्या, मागे बसवलं. म्हटलं, मास्तर, माझ्या शब्दावर बस, या खात्यात कोणी पाय टाकणार नाही. तो म्हणाला, "भरोसा तुमचाच आहे, शेठ." मग माझं मनगट धरून म्हणाला की ती बात अजून राहिलीय. एवढ्यात भटू पाणी घेऊन आला. मी मास्तराला म्हटलं, जीव वाचू दे, मग सगळ्या बाता करू.

पुढचं शटर ओढून मी बाहेर त्याच्यापुढे खुर्ची टाकून बसलो. मागच्या दाराला बाहेरून कुलूप, त्याच्या चाव्या दोघांकडेच, माझ्याकडे आणि भटूकडे. मागे भटूला बसवलं. घरचा माणूस. जेवायच्या वेळेला तो भाकरी आणतो म्हणून गेला आणि बराच वेळाने परत आला. म्हणाला, रस्ता बंद होता.

उन्हं कलल्यावर ते आले. दीडदोनशे असतील. दांड्या, सळ्या, फोडलेल्या ट्यूबलाइटी, एकाकडे रॉकेलचा डबा. पुढे पंडित, दांडी डाव्या हातात. उजव्याची पट्टी अजून आहे. मला वाटलं होतं की तो माझ्याकडे बघणार नाही. त्याने सरळ बघितलं. म्हणाला, "आप्पा, मास्तर आत आहे असं कळलंय."

मी म्हटलं, तुझं बोट ज्याच्या खात्यात गेलं त्याने तुझा दवाखाना केला, त्याच्या दाराशी रॉकेल घेऊन येतोस. मागून कोणी म्हणालं, म्हाताऱ्याला बाजूला करा. कोणीतरी सळई शटरवर आपटली. माझ्या कानात मोटार फिरायला लागली. दुसरा फटका माझ्या खुर्चीच्या पाठीवर बसला आणि ती मोडली. मी उभा राहिलो.

तेव्हा पंडितनेच हात वर करून सगळ्यांना थांबवलं. म्हणाला, असं नको. आप्पा खोटं बोलत नाही हे डिंडोली जाणते. खंडेरायाच्या भंडाऱ्यावर सांगू दे. आम्ही जाऊ.

गर्दीत शालिग्राम होता. का होता ते माहीत नाही, खाली बघत होता. त्याच्या कनवटीला भंडाऱ्याची पुडी असतेच. बेल कुठून आणायचा, तर कोणीतरी टपरीवरच्या तसबिरीचं सुकलेलं पान काढून आणलं. मी चपला काढल्या. रस्ता गार होता. रीतीत काही कमी ठेवायचं नाही असं मी मनाशी म्हटलं. पाप करायचंच तर पुरतं करावं.

हातावर भंडारा पडला आणि त्याच वेळेला मागून आवाज आला. बीम खांद्यावरून घसरून पडावा तसा, जड, मऊ. मला वाटलं, मास्तर आत धडपडला. आता यांनी ऐकलं तर संपलं. म्हणून मी छाती भरून ओरडलो, सदानंदाचा येळकोट. त्यांनीही तोंड उघडलं, दोनशे गळे, येळकोट येळकोट. मागून आणखी काही आलं असेल तर ते त्यात बुडालं. माझी हुशारी मला त्या क्षणीही जाणवली. मग शांत झालं, आणि मी आईच्या बोलीत बोललो, कारण दुसरी बोली तोंडाला येईना.

"खंडेरावनी आन. मन्हा खातामा कोनीच नही."

भंडारा कपाळाला लावला. मागच्या बाजूला कोणीतरी शिटी वाजवली, पोरंटोरं असतील. पंडित हसला आणि म्हणाला, "आप्पाचा शब्द. चला." आणि गेले. दोनशे माणूस, रॉकेलच्या डब्यासकट, माझ्या एका शब्दावर.

आयुष्यात पहिल्यांदा देवावर खोटं बोललो, आणि एक माणूस वाचला. देव मला काय करायचं ते करो. पोलीस कामाला आला नाही, पैसा कामाला आला नाही. माझी साख कामाला आली. ही साख मी तीस वर्षं विणली.

लगेच आत जाणं धोक्याचं होतं, कोणी पाळत ठेवून असेल. भटू येऊन म्हणाला, दाजी, रात्रभर उघडू नका, मी सांगतो त्याला. त्याच्या अंगाला कापरं भरलं होतं. शेवटी पोरगाच.

९ डिसेंबर

पहाटे शटर अर्धं उचलून आत गेलो. मास्तर नाही. भाकरी तशीच, फडक्यात बांधलेली. बीमांच्या मागे त्याची एक चप्पल. मागच्या दाराला कुलूप जसंच्या तसं. भटू म्हणतो, रात्री त्याने दार ठोठावून मला उघडायला लावलं, बायकोकडे जातो म्हणाला, मी पुन्हा कुलूप घातलं. मास्तर बायकोवेडा आहे, खरं असेल. पण एक चप्पल घालून कोण जातं? घाबरलेला माणूस जातो, असं मीच मला सांगितलं.

भटूला ताप भरलाय. मालतीने त्याचे कपडे बादलीत भिजत घातलेत, पाणी तांबूस झालंय. म्हणाली, पान थुंकलंय कोणीतरी अंगावर. दंग्यातही लोकांना पान सुचतं.

११ डिसेंबर

कर्फ्यू सुटला त्या दोन तासांत शालिग्रामकडे गेलो. रस्त्यात दोन मोटारी जळून फक्त सांगाडे, आणि नाल्यात काहीतरी फुगून अडकलेलं. त्यावर कावळे बसलेले. मी मान वळवली.

शालिग्रामला खरं सांगितलं, की मास्तर आत होता आणि मी खोटा भंडारा उचलला. प्रायश्चित्त काय. तो चिलीम साफ करायला लागला. मग म्हणाला, पाय जमिनीला होते का. होते. मग लागणार, म्हणाला. खोटा भंडारा वर्षाच्या आत घर खातो. आणि मग असं काही बोलला जे मला नीट कळलं नाही. म्हणाला, "आप्पा, तू घाबरू नको. तुला नाही लागणार." विचारलं, का. तो उठून आत गेला.

घरी येऊन मालतीला म्हटलं, घर गेलं तरी चालेल, माणूस वाचवला, अशी शपथ मी दहा वेळा घेईन. वाटलं होतं, तिला अभिमान वाटेल. ती ताटावरून उठली आणि मोरीत जाऊन ओकली. बायकांना देवाची भीती फार.

१४ डिसेंबर

शाळेत दंग्यात घरं गेलेल्यांची छावणी आहे, हमीदाही भावाच्या माणसांबरोबर तिथे आलीय असं कळलं. मास्तराचा हिशोब आणि एक ब्लँकेट घेऊन गेलो. आवारात माणसं नुसती पडलेली. एका पोराच्या पाठीवर पूर्ण भाजलेलं, त्यावर कोणी दंतमंजन लावलं होतं. एक बाई एकाच नावाने हाका मारत फिरत होती, तिला कोणी थांबवत नव्हतं. माझ्या कपाळाकडे लोक बघत होते. हळद आठवड्याने कुठे राहते, पण मी रुमालाने पुसलं.

हमीदा पाण्याच्या टाकीपाशी भेटली. म्हटलं, मास्तर कुठाय, बोलवा, माझ्यावर त्याचा एक चहा आहे. ती म्हणाली, "तो आपके पास नहीं है?"

मी तिला सगळं सांगितलं. खोली, गर्दी, भंडारा. थोडं रंगवूनच सांगितलं, म्हणजे धीर येईल. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं की पुढे तुम्ही होतात, तर मागे कोण होतं. म्हटलं, भटू, माझा मेहुणा, घरचा माणूस.

ती खाली बसली. रडली नाही. जमिनीवर बोटाने रेघा ओढत म्हणाली की तो तुम्हाला सांगायला आठ दिवस फिरत होता. तुमचा मेहुणा मागच्या दारातून कोन देताना त्याने दोनदा पाहिला होता. मी त्याला म्हटलं, पोलिसांत सांग. तो म्हणाला, शेठच्या घरातली गोष्ट आहे, शेठलाच सांगणार, ईमान आहे. एवढं बोलून तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, माझ्या आधी तिला कळलं.

ब्लँकेट तिने घेतलं. पैसे घेतले नाहीत.

१६ डिसेंबर

आज एकटा खात्यात गेलो. मागचं दार उघडून बाहेर पायरीवर उभा राहिलो. पायरी घासून धुतलेली, इतकी की सिमेंट पांढरं पडलंय. बाकीच्या पायऱ्यांवर दहा वर्षांचं तेल आहे. नाल्याच्या भिंतीच्या खालच्या विटांवर कोणाचा हात पोहोचला नव्हता. तिथे काळं सुकलंय, आणि एक बीम टेकवावा एवढ्या उंचीवर केस चिकटलेत. त्या आवाजाची जागा मला सापडली. तो आवाज आतून आलाच नव्हता.

भटूला बोलावलं. मालतीही त्याच्यामागे आली. टाकासमोर ताट ठेवलं, बेल, भंडारा. म्हटलं, कोन तू घेतले नाहीस आणि मास्तराला दार तू रात्री उघडलंस, एवढं उचलून सांग. त्याने हात पुढे केला. पायांत नवीन चपला होत्या.

"चपला काढ."

तो हसला. म्हणाला, दाजी, अंगठा. मी म्हटलं, अंगठा बरा झालाय, काढ. त्याने मालतीकडे पाहिलं. मालतीने भिंतीकडे तोंड केलं. मागाच्या तेलाचा थेंब गळत होता, एक, मग दुसरा. तो उभाच. शेवटी आहे त्या जागी खाली बसला आणि चपला दोन्ही हातांनी पायांना दाबून धरल्या. लहान पोर दाबून धरतं तशा.

तसाच बसून बोलला. भाकरीच्या वेळेला पंडितने त्याला गाठलं. मास्तर दे, नाहीतर खातं तुझ्या बहिणीच्या घरासकट जाळतो. भटूने अट घातली की दाजीला आणि मागांना हात लावायचा नाही. मग ठरलं की दाजीला पुढे बोलण्यात गुंतवायचं आणि चौघांनी मागून न्यायचं. भंडाऱ्याची युक्ती पंडितची. भटूने कुलूप उघडलं आणि मास्तराला म्हणाला, चला, शेठने बोलावलंय. तो उठून आला. शेठचं नाव ऐकून आला. शिटी म्हणजे काम झाल्याची खूण होती.

मी विचारलं, पंडित धमकावत होता की तू मास्तराच्या तोंडाला घाबरलास? तो म्हणाला, "दोन्ही. पण दाजी, माग वाचले ना."

हाताशी अकरा नंबरची सुटी दांडी होती. पहिला फटका खांद्यावर, दुसरा तोंडावर, दात जमिनीवर पडलेला ऐकू आला. तो हात वर करत नव्हता, तेच मला सहन झालं नाही. तिसरा मालतीच्या मनगटावर बसला, कारण ती आडवी आली. हाड वाजलं. मी हात खाली घेतला.

ती मनगट धरून म्हणाली, "याला मारून मास्तर येणार असेल तर मारा. मी बाजूला होते." मग म्हणाली, "पायरी मी धुतली. तुम्ही रोज तुमच्या शब्दाचं कौतुक सांगत होतात, मी तुम्हाला काय सांगू?"

१९ डिसेंबर

मालतीचं मनगट प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टरला तिने सांगितलं की मागावर लागलं. तिचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. मी समोरच्या बाकावर बसून ऐकत होतो.

शालिग्रामचं बोलणं आता कळलं. मी खोटा भंडारा उचललाच नव्हता. मी रस्त्यावर अनवाणी उभा राहून बोललो तेव्हा खात्यात खरंच कोणी नव्हतं. आणि जे ऐकू जाऊ नये म्हणून मी ओरडलो, ते गनीमास्तराचं शेवटचं ओरडणं असेल.

४ जानेवारी १९९३

गावी पळालेले कारागीर परतायला लागलेत. भटूला मी आठवड्यापूर्वी शिरपूरला माझ्या बहिणीकडे पाठवला. पाठवला की लपवला ते लिहीत नाही.

काल फौजदार आला होता. हमीदाने अर्ज दिलाय. त्याने चहा घेतला, विचारलं, आठ तारखेला तुमच्या खात्यात तुमचा मास्तर होता का. खोलीत पंडित ताके घडी करत होता. मालती दारात उभी होती, गळ्यात हात अडकवून. मी टाकाकडे पाहिलं. भंडारा कोणी बदलला नव्हता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

मी म्हटलं, साहेब, हे मी त्याच दिवशी दोनशे माणसांसमोर देवावर सांगितलंय. कोणी नव्हतं. तो म्हणाला, तुमचा शब्द आहे म्हणजे झालं, आणि लिहून घेतलं. माझ्या पायात चपला होत्या.

अकरा नंबर बांधायला मास्तर मिळत नव्हता, शेवटी कतारगामहून एक माणूस आणला.

आज दोन्ही पाळ्या झाल्या. चोवीसही माग चालू होते.